खलास

आई, तू विचारलंस तेव्हा मी शारजात
इंडस्ट्रियल एरियाच्या एका मागच्या गल्लीत उभा होतो,
एका हातात फोन, दुसऱ्यात गोरखची ट्रॉलीबॅग.
एसीच्या पाण्यानं भिंत हिरवी झालेली.
तुझा आवाज जालन्याहून आला, अर्धा शब्द, अर्धा श्वास:
"शिलास, पुरलं आसंल का रं माझं?"

आधी वाटलं, पैशाचं म्हणतेस.
म्हटलं, परवाच पाठवलेत, औषधाला होतील.
"औषिदाचं न्हाई. वर गेल्यावरचं."

तबिथाबाई, मिशन दवाखान्यातली एकतीस वर्षं,
फरशी, बेडपॅन, बाळंतिणींचे धुणे,
आणि घरी येऊन चिमणीच्या उजेडात गोधड्या.
कुणाला दिली ते वहीत लिहायचीस.
एकशे बारा. एकशे तेरावी अर्धी, उशाशी.
तूच घाबरलीस
तर माझ्यासारख्यानं काय करावं?
मी स्टोअरकीपर. नट मोजतो, बोल्ट मोजतो,
महिनाअखेरीला एक कमी भरला की झोप लागत नाही.
शुक्रवारी उपासनेतही मागच्या बाकावर बसून
मोजतच असतो: चुकलेल्या प्रार्थना,
भावाशी न बोललेली वर्षं.

पाळकसाहेब सांगतात तसं मला सांगता येईना.
म्हणून गोरखचं सांगितलं.

गोरख वाघचौरे, वेल्डर, परतूरकडचा.
कफील पळाला, कंपनीला कुलूप,
चार वर्षं हा बिनकागदाचा.
दंड असा, की रात्री पाणी प्यायला उठला
तरी तेवढ्यात वाढलेला.
माफी जाहीर झाली, याचा विश्वास बसेना.
खोलीतल्या अकरा जणांनी वर्गणी काढली,
पाकीट बनियनच्या आत पोटाला बांधलं.
आज सकाळी खिडकीपाशी काढलं त्यानं ते,
घामानं भिजलेलं, काचेखालून सरकवलं.
आतल्या पोरानं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
शिक्का मारला. म्हणाला, खलास.
गोरखनं पुन्हा सरकवलं.
पुन्हा परत आलं. खलास, खलास, पुढचा.

आपल्याकडे खलास झाला म्हणजे मेला.
इकडे म्हणजे झालं, फिटलं, काही बाकी नाही, जा.
गोरख बाहेर येऊन फूटपाथवर बसून रडला.
सुटला म्हणून नाही.
एवढे मोजून आणलेले पैसे कुणाला नकोच होते, म्हणून.

तू गप्प. इतकी, की मी फोन कानाला दाबला.
मग तुझा तो मेथीची जुडी उलटून बघणारा प्रश्न:
"मंग दंड भरला कुनी?"
कुणी नाही, आई. सरकारनं सोडला.
"तसं नसतंय रं. कुनाच्या तरी अंगावर पडतंच."
खोकलीस. बराच वेळ.
"माझा त्याच्या अंगावर पडला."
हे तू मला सांगत नव्हतीस.
"त्यो मेला, आन् फिटलं. दोन्हीला एकच शब्द म्हनलास न्हवं? काय त्यो?"
खलास.
"खलास," तू म्हणालीस,
दातांखाली हरभरा फोडून बघावा तसं.

पण लगेच, स्वभाव कुठे जातो:
"आन् गोधड्या? त्या वाया?"
आयुष्यात एकदाच मला उत्तर वेळेवर सुचलं.
लोकांना थंडी वाजत होती, आई.
तू हसलीस, किंवा धाप लागली.
फोनवर कळत नाही.

गोरखचं विमान रात्री दोनला गेलं.
पाकीट त्यानं माझ्याकडे दिलं, अकरांचे अकरांना वाट म्हणून.
मी दोनदा मोजलं. सवय.
तिसऱ्यांदा हात गेला, तेव्हा दिवा मालवला.

पहाटे प्रिस्काचा फोन.
रात्रभर शांत झोपलीस म्हणे. उठून सुई मागितलीस,
दोरा तिनं ओवून दिला.
एकशे तेरावी मांडीवर घेतलीस.

वही मागितली का, मी विचारलं.
नाही म्हणाली.